पितळेत कोरलेले आकडे

मारुती आठशेच्या कार्बोरेटरमधला मेन जेट म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान पितळी तुकडा. मधोमध आरपार भोक, जेमतेम मिलिमीटरभर. किती हवेला किती पेट्रोल, हा गाडीचा आयुष्यभराचा प्रश्न त्या भोकाने सोडवून टाकलेला असतो. शेजारी डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. इंजिन वेगात फिरू लागलं की वजनं बाहेर फाकतात आणि प्लगवरची ठिणगी जरा आधी पडते. किती आधी, ते स्प्रिंगच्या ताणाने ठरतं. तेव्हा कंप्युटर नसलेल्या गाडीत हिशेब नव्हता असं कोणी म्हणू नये. हिशेब होता. कुणा इंजिनिअरने तो एकदाच केला, धातूत कोरला आणि पुन्हा त्याला हात लावायची वेळ येणार नाही असं धरून चालला.

ते धरून चालणं अलीकडे मोडलं, आणि मोडणारा पदार्थ आमच्याच रानातून निघाला.

बिदर जिल्ह्यात मांजरा आणि कारंजाच्या पाण्यावर ऊस आहे, खाली आळंद-अफझलपूरकडेही आहे, आणि पलीकडे लातूरबद्दल तर बोलायलाच नको. उसाची मळी, मळीचं इथेनॉल, इथेनॉल पेट्रोलमध्ये. २०१८च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणासाठी २०३० साल धरलं होतं. ते पुढे अलीकडे ओढलं, जून २०२२मध्ये देश १० टक्क्यांवर आला आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर. वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेली आमची पांढरी आठशे, केए-३८ पाटीची, या काळात तशीच उभी होती. तिचा जेट निव्वळ पेट्रोलसाठी कोरलेला. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन हवं, आणि जेटचं भोक तर तेवढंच. गाडी पातळ मिश्रणावर चालू लागते. पिकअप घेत नाही, चढाला तापते, आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणभर श्वास रोखल्यागत करते.

भालकीच्या मामांना हे समजावून सांगितलं. त्यांना रसायनशास्त्रात रस नव्हता. “म्हणजे माझा ऊस मी कारखान्याला घालायचा, बिलाची वाट बघत बसायचं, आणि तोच ऊस पंपावर रोख पैसे मोजून तुझ्या टाकीत भरायचा?” मी हो म्हटलं. मग यावर उपाय म्हणून गाडीला कंप्युटर बसवायचा बेत आणि त्याचा खर्च सांगितला. “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला,” एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

मामांचं चुकीचं नव्हतं, आणि उस्तादांचंही नव्हतं. उदगीर रोडवरचे आमचे उस्ताद दखनीत बोलतात, मी मराठीत बोलतो, त्यांचा भाचा दोघांच्या मध्ये कन्नडमध्ये फोनवर बोलत असतो, आणि गाडी दुरुस्त होते. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जेट बदलके देतूँ ना साब. कंप्युटर कैकू?” एक नंबर मोठा जेट घातला की मिश्रण दाट होतं, ही गोष्ट सोळा आणे खरी. शे-दोनशे रुपयांत काम. या भागातल्या शेकडो आठशे आणि ओम्नी गाड्यांनी इथेनॉलला असंच उत्तर दिलं आहे आणि त्या निवांत चालताहेत. ज्याला गाडी फक्त चालवायची आहे त्याने तेच करावं.

पण मोठा जेट हेही एकच उत्तर. फक्त नवं. बिदरचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. इथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास, समुद्रकाठी १०१. गुलबर्गा (२०१४पासून कागदोपत्री कलबुर्गी, तोंडात अजून गुलबर्गाच) दीड-दोनशे मीटर खाली, म्हणजे तिथे हवा दाट हवी. पण मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंशांत तीच हवा बिदरच्या पहाटेच्या हवेपेक्षा विरळ होते. उंचीचा नफा उन्हाने खाल्ला. जेटला यातलं काही कळत नाही. त्यात कार्बोरेटरच्या गाडीला गुलबर्ग्याच्या रस्त्यावर उन्हाळ्यात आणखी एक दुखणं असतं: पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं आणि इंजिनावरचा पंप वाफ ओढत बसतो. गाडी बंद. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे. मिश्रित पेट्रोलने हे वाढलं असं उस्ताद म्हणतात, आणि त्यांच्याकडे ओल्या फडक्यांनिशी येणारी गिऱ्हाइकं बघता मी वाद घालत नाही.

इंजिनाचा हिशेब विजेवर करायची कल्पना काही नवी नव्हे. बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७मध्ये फोक्सवॅगनमध्ये आलं. धुरातला ऑक्सिजन चाखून मिश्रण सुधारणारा लॅम्डा सेन्सर १९७६मध्ये व्होल्व्होने लावला. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डबीकडे सोपवणारं मोट्रॉनिक १९७९मध्ये बीएमडब्ल्यूत आलं. भारतात १४ डिसेंबर १९८३ला पहिली आठशे रस्त्यावर आली ती कार्बोरेटर घेऊन, आणि युरो नियमांचा रेटा येईपर्यंत, म्हणजे २००० सालच्या आगेमागेपर्यंत, तेच चाललं. मग एमपीएफआय, म्हणजे कंप्युटरवर चालणारं इंजेक्शन. त्या गाड्यांच्या डबीत काय लिहिलंय ते मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही, मिस्त्रीलाही नाही. पितळी जेट निदान काढून, उजेडाकडे धरून बघता यायचा. कंपनीची डबी ही कुलूप लावलेली वही.

त्या वहीला पर्याय बाजारात बरेच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या हॅल्टेक-मोटेकच्या डब्या शर्यतवाल्यांच्या, आमच्या खिशाच्या बाहेरच्या. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक मूळ कंप्युटरच्या पाठीवर बसतं आणि त्याचे निरोप वाटेत बदलतं. त्यासाठी मूळ कंप्युटर तर हवा! अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी मेगास्क्वर्ट काढलं, सोल्डरिंग गन हाती धरून घरी जोडायचं. त्याच वळणावर पुढे जोश स्टुअर्ट या ऑस्ट्रेलियनाने स्पीडुइनो सुरू केलं, आर्डुइनोच्या साध्या बोर्डावर चालणारं, ज्याचा सगळा प्रोग्राम कुणालाही वाचता येतो. इंजिनिअरिंगची पोरं ज्या बोर्डावर प्रोजेक्टसाठी दिवे लुकलुकवतात, तोच हा बोर्ड. उस्तादांच्या भाच्याने तो ओळखला आणि त्या दिवसापासून काम त्याचंही झालं.

बाकी, बाहेरून बसवलेला कंप्युटर आपण सर्वांनीच पाहिला आहे. सीएनजीच्या सिक्वेन्शियल किटात तोच असतो. पेट्रोलच्या इंजेक्टरला निघालेला इशारा तो मध्येच धरतो, गॅसच्या भाषेत त्याचा वेळ वाढवून गॅसच्या इंजेक्टरला देतो. अशा टॅक्सीत बसून आपण सोलापूर-पुणे करतो आणि एका इंजिनाचे दोन कारभारी आहेत याची दादही नसते.

सामान गोळा करण्यात मजा आली, पण ती सांगत बसत नाही. भंगारातल्या एमपीएफआय ओम्नीचा मॅनिफोल्ड, इंजेक्टरसकट, थोडी घासाघीस करून बसला. टाकीत विजेचा पंप गेला. जुना पंप जेमतेम पाव बार दाब द्यायचा, हा तीन बार देतो, आणि उरलेलं पेट्रोल फिरून टाकीत जातं. त्यामुळे वाफेचं दुखणं मुळातूनच गेलं. खरं तर या एका फायद्यापायीच मी सगळा खर्च कबूल केला असता. वेल्डिंग हुमनाबादला, लेथचं काम उदगीरला, सेन्सर हैदराबादहून, वायरी जहीराबादच्या एका जुन्या दुकानातून. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, भालकी-हुमनाबाद-औराद इकडे. गॅरेजवाल्यांनी ती वाटणी आजतागायत मनावर घेतलेली नाही.

उदगीरहून आलं ते दात्यांचं चाक. क्रँकच्या पुलीवर बसणारं, छत्तीस दातांच्या मापाचं, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. शेजारी सेन्सर. दर दात म्हणजे दहा अंश. सेन्सरपुढून दात जातात, कंप्युटर मोजतो, आणि जिथे फट लांबते तिथे त्याला कळतं की पिस्टन कुठे आहेत. त्या गाळलेल्या दातावर सगळी मदार. डेल्कोची वजनं उस्तादांनी वेल्ड करून गप्प केली. आता त्याच्याकडे ठिणगी या प्लगवरून त्या प्लगवर पोचवायचंच काम उरलं. केव्हा, ते तो ठरवत नाही.

‘जुन्या गाडीला नवा मेंदू’ असं लोक कौतुकाने म्हणतात. माझ्या मते हे काम मेंदूचं कमी आणि डोळ्या-कानांचं जास्त. कंप्युटरला बाहेरचं जग दिसत नाही. त्याला येतात पाच-सहा वायरी: दातांची, मॅनिफोल्डमधल्या दाबाची, थ्रॉटलची, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाची, लॅम्डाची. त्या जे सांगतील ते त्याला शिरसावंद्य. वायर खोटं बोलली तर तोही त्या खोट्याचा बिनचूक हिशेब करून देतो.

हे प्रत्यक्ष बघायला मिळालं. सगळं जोडून पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा इंजिन नुसतं गुरगुरलं आणि लॅपटॉपवर फेऱ्यांचा आकडा नऊ हजारांवर उडाला, खाली आला, पुन्हा उडाला. स्टार्टरवर आठशे फार तर मिनिटाला दोनशे-अडीचशे फेऱ्या करते. भाचा लगेच सेटिंग्ज उघडून बसला. फिल्टर वाढव, कडा उलट कर, सेन्सर बदलून बघू. उस्ताद तंबाखू मळत उभे होते. त्यांनी टेस्ट लँप घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं गाडीच्या अंगावर जागोजाग टेकवत निघाले. दिवा पेटला, पेटला, आणि कंप्युटरचं अर्थिंग ज्या बोल्टखाली घेतलं होतं तिथे मिणमिणला. बोल्ट खोलला. खाली पत्र्यावर वडिलांनी कधीतरी मारून घेतलेल्या पांढऱ्या रंगाचा थर. उस्तादांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो खरवडला, पत्रा चकचकीत होईतो पॉलिश पेपर मारला, ग्रीसचं बोट फिरवलं आणि बोल्ट कसला. मग कंप्युटरची आणि सेन्सरची अर्थ वायर तिथून काढून सरळ इंजिनच्या ब्लॉकवर एकाच ठिकाणी नेली. स्टार्टर मारला. आकडा २२०वर स्थिर झाला, दोन वळसे तसाच राहिला, आणि इंजिन पेटलं. तीन सिलिंडरची ती ओळखीची थरथर सुरू झाली. भाच्याने सेटिंग्ज बंद केल्या.

आता उरलं ते कोष्टक. सोळा आडवे, सोळा उभे, एकूण २५६ रकाने. एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब. दर रकान्यात एक आकडा, की या वेगाला आणि या ओझ्याला सिलिंडर किती भरतो. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते निघतं, मिलिसेकंदांत. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करत असेल तर दर सिलिंडरला पेट्रोलचा घास मिनिटातून १५०० वेळा. पूर्ण थ्रॉटलला एका घासाचं वजन भरेल बावीसेक मिलिग्रॅम, ज्वारीच्या एका दाण्याहून कमी. आयडलला त्याचा पावभाग. ठिणगीसाठी वेगळं कोष्टक, तेवढ्याच रकान्यांचं.

आणि इथे मला उमगलं की कंप्युटर निर्णय असा कुठलाच घेत नाही. निर्णय आधीच घेऊन रकान्यात लिहिलेला असतो. तो फक्त योग्य क्षणी योग्य रकाना आठवतो, फार चटकन. चालत्या गाडीत हे इंजिन काय करणार ते रकाना भरताना ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवणारं कोणीतरी माणूस असतं. कंपनीच्या डबीतही माणूसच आहे, दूर कुठेतरी बसलेला. त्याला वॉरंटी सांभाळायची होती, नियम पाळायचे होते, लाखो गिऱ्हाइकांचा मधला मार्ग काढायचा होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला आमचं आजचं पेट्रोल ठाऊक नव्हतं, एवढंच.

रकाने भरायला आम्ही हुमनाबादवरून गुलबर्ग्याच्या रस्त्याला लागायचो. मी चालवायचो, भाचा मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन, उस्ताद शेजारी. लॅम्डाचा काटा बघत भाचा रकाना दाट-पातळ करायचा. लॅम्डा सेन्सर पेट्रोल ओळखतच नाही. तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. टाकीत इथेनॉल दहा टक्के असो की वीस, पुरतं ज्वलन म्हणजे त्याच्या लेखी १. त्यामुळे सपाट रस्त्यावर, एका वेगात जाताना, तो कंप्युटरला मागून दुरुस्त करत राहतो. सीमेवरच्या पंपावर महाराष्ट्रातल्या गाड्यांच्या रांगेत उभं राहून भरलेलं पेट्रोल आणि उदगीरला भरलेलं पेट्रोल यांत काही फरक असलाच तर तो आता त्याचा त्याने मिटवावा.

चढावर, पूर्ण ओझ्याला, हे चालत नाही. तिथे मुद्दाम दाट मिश्रण द्यावं लागतं, पिस्टन थंड राहावेत म्हणून, आणि ठिणगी किती आधी टाकायची हा खरा प्रश्न येतो. जास्त आधी टाकली की ताकद वाढते, आणखी आधी टाकली की इंजिन नॉक करतं. आमच्या बोर्डाला नॉक ऐकू येत नाही. उस्तादांना येतं. कमलापूरच्या जवळ चढाला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवला होता. माझ्या कानाला सगळं ठीक. उस्तादांनी हात वर केला: “हल्लू, हल्लू. कंकर बजे. कौनसे डिब्बे में है अब्बी?” भाच्याने रकाना सांगितला, २८०० फेऱ्या, ९० किलोपास्कल. “उस में दो कम करो. बाजूवाले में एक.” दोन अंश कमी केले, गाडी वळवून तोच चढ पुन्हा घेतला. उस्तादांनी मान हलवली. त्या रकान्यात आज जो आकडा आहे तो कुठल्याही पुस्तकात नाही. लाल केळी विकणाऱ्या बायांसमोरून आम्ही तो चढ इतक्यांदा घेतला की शेवटी एकीने विचारलंच, काय हरवलंय का? आम्ही केळ्यांचा फणा घेतला आणि गाडी झाडाखाली थंड होऊ दिली. उस्ताद लॅपटॉपला अजून हात लावत नाहीत. पण कोष्टकाचे रंग त्यांना पाठ झालेत, आणि कुठल्या ‘डिब्ब्या’त गडबड आहे ते ते आता पडद्याकडे न बघता सांगतात.

कायद्याचं बोलायला हवं, कारण लोक तेच आधी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ बांधणीपासून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे सांगितलं. आमच्या आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधन, आसनं आणि रंग आहे. कार्बोरेटरबद्दल अवाक्षर नाही. म्हणून सगळं बिनघोर आहे असं मी म्हणणार नाही. मोजक्या अंतराची, हौसेची गाडी आहे आणि जुना कार्बोरेटर, डेल्को, पंप फडक्यात गुंडाळून ठेवलेत, दोन दिवसांत परत चढतील. पीयूसीला मात्र मान ताठ. या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मुभा ३ टक्क्यांपर्यंत आहे. आमची आता एक टक्क्याच्या आत दाखवते. पीयूसीवाल्याने मशीन खराब झालं समजून नळी झटकली होती. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नोंदणी-नूतनीकरण २०२२पासून ५००० रुपये होतं, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५मध्ये १०,००० झालं. ती पावती बघून मामांनी कोंबडीची म्हण पुन्हा ऐकवली, आणि या खेपेला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिलं आहे ते थंडीचं. गार इंजिनाला सुरुवातीला जादा पेट्रोल लागतं. आठशेत त्यासाठी चोक ओढायची सोय होती, खूण कळायची ती हाताला. आता तेही कोष्टकात गेलंय: पाणी अमुक अंशांवर असेल तर इतके टक्के जादा. हे कोष्टक भरणं सर्वांत वेळखाऊ, कारण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एक आकडा घालायचा, स्टार्टर मारायचा, इंजिन पेटलं की संपलं. तापलेलं इंजिन पुन्हा रात्रभर थंड झाल्याशिवाय दुसरा आकडा तपासता येत नाही. तीस अंशांचे, पंचवीस अंशांचे रकाने आमचे पक्के झालेत. बारा-तेरा अंशांचे अजून अंदाजाने भरलेले आहेत, ते बिदरच्या डिसेंबरातच तपासता येतील. भाच्याची तेव्हा परीक्षा आहे. उस्तादांनी बजावून ठेवलंय की पहाटे सहाला ते कुणाच्या दारात येणार नाहीत. गाडी रात्रीच गॅरेजात लावून जायची, बॉनेट उघडं टाकून, आणि चावी पानवाल्याकडे.